कॅज्युअल्टीत जाताना: नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

नाशिकमधल्या कॅज्युअल्टींमध्ये सिस्टर म्हणून माझी १९ वर्षं गेली. रात्री दोन वाजता दारातून धावत येणारा माणूस घाबरलेला असतो. तो जे विचारतो त्याचं उत्तर आम्ही सलाईन लावता लावता देतो, आणि त्यातलं निम्मं त्याच्या कानात शिरत नाही. म्हणून तेच प्रश्न इथे निवांत घेतले आहेत. घरात सगळं ठीकठाक असताना हे एकदा वाचून ठेवा.

कॅज्युअल्टीत कधी यायचं आणि फॅमिली डॉक्टरांकडे कधी?

छातीत दुखणं किंवा दाटून येणं, दम लागून वाक्य पूर्ण न होणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, शुद्ध हरपणं, न थांबणारा रक्तस्राव, विषबाधा, साप, मोठं भाजणं, गरोदर बाईला रक्त जाणं किंवा बाळाची हालचाल कमी जाणवणं, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप. यातलं काहीही असेल तर सकाळची वाट पाहू नका. चार दिवसांचा खोकला, जुनी कंबरदुखी, सर्टिफिकेट, यासाठी ओपीडी आहे.

सगळ्यात जास्त घात करणारा शब्द म्हणजे ‘गॅस’. एका जानेवारीत पन्नाशीचे एक गृहस्थ चालत आत आले. बायको म्हणाली, “रात्री पावभाजी खाल्ली, गॅस झालाय, इंजेक्शन द्या म्हणजे जातो आम्ही.” मी बीपीचा पट्टा बांधायला स्वेटर वर सारला, तर आतला शर्ट घामाने चिंब. बाहेर कडाक्याची थंडी आणि या माणसाच्या कॉलरमधून पाणी निथळत होतं. ईसीजी काढला, हार्ट अटॅक होता. चार तासांपासून ते घरात ओवा चघळत बसले होते. जबडा, खांदा, डावा हात किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखतंय आणि सोबत घाम, मळमळ, धाप आहे, तर तो गॅस आहे की नाही हे ईसीजीला ठरवू द्या. बायकांना आणि मधुमेहींना तर कधी कधी छातीत दुखतही नाही, नुसता थकवा आणि दम जाणवतो.

१०८ ला फोन करायचा की आपल्याच गाडीने निघायचं?

पेशंट बेशुद्ध आहे, दम लागलाय, छातीत दुखतंय, मानेला किंवा पाठीला मार आहे, तर १०८. ही सेवा राज्यात २०१४ पासून आहे, पूर्ण मोफत आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. गरोदर माता आणि नवजात बाळांसाठी १०२ आहे.

फोनवर आधी ठिकाण सांगा, मग आजार. “सिडकोत या” एवढ्यावर कोणी पोचत नाही. चौक, शाळा, मंदिर, पाण्याची टाकी, जे ठळक दिसतं ते सांगा आणि घरातल्या एकाला मोबाईल घेऊन रस्त्यावर उभं करा. पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या पाड्यांवर गाडी यायला वेळ लागतो. तिथे शेजारची जीप तयार असेल तर १०८ च्या डॉक्टरांना फोनवरच विचारा की निघू का आणि गाडीला वाटेत कुठे गाठू.

मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बेशुद्ध माणूस बसवून आणतात, त्याबद्दल हात जोडून सांगते, तसं करू नका. मान लटकते, श्वासाची नळी दाबली जाते.

नाशिकमध्ये नेमकं कुठे न्यायचं?

जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, त्र्यंबक रोडला आहे. तिथली कॅज्युअल्टी चोवीस तास चालू असते. महापालिकेची मोठी रुग्णालयं म्हणजे कथड्यातलं डॉ. झाकिर हुसेन आणि नाशिकरोडचं नवीन बिटको. आडगावला डॉ. वसंतराव पवार मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे. शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय हृदय, किडनी, कॅन्सर अशा विशेष उपचारांसाठी आहे, पण तिथे बहुतेक वेळा दुसऱ्या रुग्णालयाची चिठ्ठी घेऊन जायचं असतं. कामगार विम्याचं रुग्णालय सातपूरला आहे. मालेगावला सामान्य रुग्णालय आणि कळवणला उपजिल्हा रुग्णालय असल्यामुळे तिकडच्या लोकांनी प्रत्येक वेळी नाशिकच गाठायचं कारण नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर जीव धोक्यात असताना ‘चांगला’ दवाखाना शोधण्यापेक्षा जवळचा गाठावा. द्वारकेच्या कोंडीत अडकलेली वीस मिनिटं परत मिळत नाहीत. लकव्याला मात्र अपवाद आहे. सिटी स्कॅन चालू असलेलं रुग्णालय लागतं, म्हणून निघतानाच फोन करून खात्री करा.

आम्ही आधी आलो, मग मागून आलेल्याला आधी का घेतलं?

ज्या एका प्रश्नावरून दर रात्री आवाज चढतात, तो हा.

कॅज्युअल्टीत नंबर आल्या वेळेप्रमाणे लागत नाही, जिवाच्या धोक्याप्रमाणे लागतो. दारातच सिस्टर किंवा डॉक्टर प्रत्येकाकडे दोन मिनिटं बघतात. श्वास, नाडी, बीपी, ऑक्सिजन, शुद्ध. त्यावरून लाल, पिवळा, हिरवा असे गट पडतात. लाल म्हणजे आत्ता, या क्षणी. पिवळा म्हणजे लवकर, पण थोडा थांबू शकतो. हिरवा म्हणजे त्रास आहे, जिवाला धोका नाही. मोडलेलं मनगट प्रचंड दुखतं, माणूस ओरडतो, तरी तो पिवळ्यात किंवा हिरव्यात जातो. आणि कोपऱ्यात गप्प बसलेला, ओठ निळसर पडलेला म्हातारा लाल असतो. ओरडणाऱ्याकडे ओरडण्याइतका श्वास आहे, हे आम्ही पहिल्या नजरेत पाहतो.

तुम्हाला थांबवलंय याचा अर्थ तुमच्याकडे दुर्लक्ष झालं असा नाही. पण थांबलेला माणूस बिघडू शकतो, हेही तितकंच खरं. दुखणं वाढलं, घाम फुटला, बडबड सुरू झाली, झोप अनावर झाली, तर पुन्हा उठून या आणि नेमकं काय बदललं ते सांगा. “किती वेळ लागेल अजून?” असं विचारलंत तर माझ्याकडे उत्तर नसतं. “मघाशी बोलत होते, आता नीट बोलत नाहीत,” असं म्हणालात तर मी हातातलं काम टाकून येते.

आत गेल्यावर काय काय होतं?

एक नातेवाईक केस पेपर काढायला जातो आणि पेशंट सरळ आत येतो. बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघतात. नेलपॉलिश असेल तर तो आकडा चुकू शकतो, म्हणून आम्ही ती पुसायला लावतो. बोट टोचून शुगर तपासतात. छातीत दुखत असेल तर आल्यापासून दहा मिनिटांच्या आत ईसीजी व्हायला हवा. तो झाला नसेल तर शांतपणे विचारा, तो तुमचा हक्क आहे. मग हातात सुई, रक्ताच्या बाटल्या, गरजेप्रमाणे एक्स-रे किंवा सोनोग्राफी.

डॉक्टर बदलत राहतात. आधी कॅज्युअल्टीचे डॉक्टर, मग त्या त्या विषयाचे. प्रत्येकजण तेच प्रश्न पुन्हा विचारतो. कंटाळा येतो, पण तिसऱ्यांदा विचारल्यावर “हो, सकाळी एकदा चक्कर आली होती” असं नवीन काहीतरी हमखास निघतं.

अंगावरचे दागिने काढायला सांगतात. मंगळसूत्र काढायला बायका कचरतात, आणि मला ते समजतं. पण एक्स-रेत धातू आडवा येतो आणि सुजलेल्या बोटातली अंगठी नंतर कापावी लागते. दागिने घरच्याच माणसाच्या हातात मोजून द्या.

सोबत कोणी यावं, आणि काय सांगावं?

ज्याने घडलेलं पाहिलं तो आलाच पाहिजे. गाडी चालवता येते म्हणून पुतण्या येतो, आणि ज्या सुनेसमोर सासूबाई कोसळल्या ती घरी राहते. मग आम्ही विचारतो कधीपासून, आणि पुतण्या घरी फोन लावत बसतो.

चार गोष्टी लागतात. काय झालं आणि नेमक्या किती वाजता. आधीचे आजार. रोजच्या गोळ्या, त्यातही रक्त पातळ करायची गोळी आणि इन्सुलिन. कशाची ॲलर्जी. गोळ्यांची नावं आठवत नसतील तर पाकिटं पिशवीत टाकून आणा, अर्धी रिकामी असली तरी चालतील. “एक पांढरी गोळी आहे, छोटी” यावरून आम्हाला काहीच कळत नाही.

लकव्यात वेळेला फार महत्त्व आहे. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. माणूस सकाळी उठतानाच लुळा सापडला, तर रात्री शेवटचा धडधाकट किती वाजता पाहिला होता तिथपासून वेळ मोजतात. ती वेळ मनात पक्की करून या.

दारू प्यायले असतील, तंबाखू असेल, भांडण झालं असेल, मुलीची पाळी चुकली असेल, तरी लपवू नका. सासरच्यांसमोर बोलता येत नसेल तर सिस्टरला म्हणा, मला एकटीशी बोलायचंय. आम्ही बाकीच्यांना बाहेर काढतो.

पाणी का पाजू देत नाही?

ऑपरेशनची वेळ आली तर भूल द्यावी लागते, आणि भरल्या पोटातलं उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. लकव्यात गिळता येत नाही, पाणी श्वासनलिकेत जातं. ओठ कोरडे पडले तर ओल्या बोळ्याने पुसा.

फवारणी करताना त्रास झाला किंवा कोणी औषध प्यालं तर?

निफाड, दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यातून हे पेशंट सतत येतात. तोंडाला फेस, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, कपड्यांना तो उग्र वास. पहिलं काम म्हणजे अंगावरचे कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुणं, कारण विष कातडीतून आत जातच राहतं. धुणाऱ्याने हातात प्लास्टिकची पिशवी तरी घालावी.

मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. दूध, तूप, ताक काहीच नको. आणि बाटली आणा. एक मावशी पदराच्या गाठीत औषधाच्या डब्याचं फाटकं लेबल बांधून घेऊन आल्या होत्या. डबा शेतातच राहिला, पण वरचा कागद त्यांनी सोलून घेतला होता. गाठ सोडताना त्यांची बोटं थरथरत होती. त्या कागदावर घटकाचं नाव होतं, आणि डॉक्टरांनी त्याच मिनिटाला ॲट्रोपिन, म्हणजे त्या विषावरचा उतारा, सुरू केलं. वेगवेगळ्या औषधांचे उपाय वेगवेगळे असतात, म्हणून तो कागद इतका मोलाचा.

कोणी स्वतःहून प्यालं असेल तर ते सांगायला लाजू नका. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला आज कायदाही आधी मदतीची गरज असलेला माणूस मानतो.

साप चावला तर?

घट्ट दोरी बांधू नका, चिरू नका, चोखू नका. मांत्रिकाकडे घालवलेला एक तास जीव घेतो. हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा, अंगठी-जोडवी काढा, आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. सर्पविषावरची लस सरकारी ठिकाणी मोफत मिळते. पहिला डोस तिथे सुरू करून मग नाशिकला निघणं, हे सरळ नाशिकला धावण्यापेक्षा कितीतरी बरं.

आपल्याकडचे विषारी म्हणजे नाग, मण्यार, घोणस, फुरसं. मण्यारीचा दंश बऱ्याचदा दिसतच नाही. जमिनीवर झोपलेलं मूल पहाटे पोट दुखतं म्हणून उठतं आणि पापण्या जड होऊ लागतात. रुग्णालयात रक्त एका कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवतात, मग नळी आडवी करतात. रक्त गोठलं नसेल तर विष रक्तात भिनलंय. तेवढी २० मिनिटं आम्ही काहीच करत नाही असं नातेवाईकांना वाटतं, पण ती तपासणीच असते. लहान मुलालाही मोठ्यांइतकाच डोस देतात, कारण सापाने सोडलेलं विष दोघांनाही सारखंच.

सापाला पकडून किंवा मारून आणू नका. लांबून फोटो निघाला तर उत्तम.

कुत्रा चावला, पण फक्त ओरखडा आहे. यावं का?

हो. आधी नळाखाली साबणाने १५ मिनिटं घड्याळ लावून धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. त्याच दिवशी लस सुरू करा. रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं सीरमही द्यावं लागतं, ते विचारून घ्या. पुढच्या तारखा कार्डावर लिहून मिळतात, त्यातली एकही चुकवू नका. मांजर, माकड आणि उसातल्या बिबट्यालाही हेच लागू.

कंपनीत मशीनमध्ये बोट तुटलं तर?

अंबड-सातपूरकडून येणाऱ्यांसाठी हे खास. जखमेवर स्वच्छ कापड दाबून हात उंच धरा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं तर पेशी मरतात आणि जोडायला काही उरत नाही.

पोलीस आल्याशिवाय हात लावत नाहीत, हे खरं का?

नाही. अपघात, मारहाण, भाजणं, विषबाधा यांत एमएलसी, म्हणजे पोलिसांत जाणारी केस, म्हणून नोंदवतात आणि पोलिसांना कळवतात, पण उपचार त्यासाठी अडत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात हे स्पष्ट सांगितलं आहे: आधी जीव, मग कागद. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेवर सरकारी काय, खाजगी काय, प्रत्येक रुग्णालयाने ताबडतोब मोफत उपचार करायचे असतात.

रस्त्यावरच्या जखमीला मी आणलं, तर मला अडकवतील का?

नाही अडकवणार. मोटार वाहन कायद्यातल्या कलम १३४अ ने तुम्हाला संरक्षण दिलंय. नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची नाही, पैसे भरायची तर नाहीच. मुंबई-आग्रा हायवेवर माणूस पडलेला दिसला तर कृपा करून थांबा.

पैसे नसतील तर?

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. सिव्हिल त्यात येतं, संदर्भ सेवाही येतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण योजनेत सामील रुग्णालयात आणि ठरलेल्या आजारांना. तिथे आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशन कार्ड घेऊन त्याला गाठा. फोन १५५३८८. रस्ते अपघातातल्या जखमीला मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत नेमलेल्या रुग्णालयात दीड लाखापर्यंत, सात दिवस, कॅशलेस उपचार आहेत.

खाजगी रुग्णालय डिपॉझिट मागतं, पण जीव धोक्यात असताना ते मिळालं नाही म्हणून प्राथमिक उपचार नाकारता येत नाहीत. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणंही त्यांना बंधनकारक आहे.

“दुसरीकडे हलवा” म्हणाले, आता काय करू?

तीन प्रश्न विचारा. कशासाठी हलवताय, तिथे बेड आहे हे तुम्ही फोनवर बोललात का, आणि वाटेत ऑक्सिजन व डॉक्टर असेल का. मग चिठ्ठी घेतल्याशिवाय निघू नका.

माझ्या सासऱ्यांना एका खाजगी दवाखान्यातून असंच हलवलं. चिठ्ठी दिली नाही, “ते बघतील तिकडे” एवढंच म्हणाले. पुढच्या ठिकाणी पहिला प्रश्न, रक्त पातळ करायचं इंजेक्शन दिलंय का? मी स्वतः सिस्टर, आणि मला सांगता येईना. फोन उचलेपर्यंत पाऊण तास गेला. तेव्हापासून मी माझ्या पेशंटच्या चिठ्ठीवर औषध आणि दिल्याची वेळ स्वतः वाचून पाहते, आणि नातेवाईकाला वाचून दाखवते.

रिपोर्ट नॉर्मल आला, तरी थांबवून का ठेवतात?

हार्ट अटॅकची रक्ततपासणी सुरुवातीला नॉर्मल येऊ शकते. काही तासांनी पुन्हा केली की बदल दिसतो. अपेंडिक्सचंही तसंच. ‘नजरेखाली ठेवतो’ हासुद्धा उपचारच आहे. स्वतःच्या जबाबदारीवर सही करून नेता येतं, पण सही करण्याआधी डॉक्टरांना विचारा, “घरी नेल्यावर वाईटात वाईट काय होऊ शकतं?” उत्तर ऐका आणि मग ठरवा.

घरी सोडल्यावर पुन्हा कधी यायचं?

डिस्चार्जच्या कागदावर हे लिहून मागा. डोक्याला मार लागलेल्याला पहिले २४ तास एकटं ठेवू नका. उलट्या सुरू झाल्या, डोकेदुखी वाढली, बोलणं अडखळलं, झटका आला, नाका-कानातून पाणी आलं, उठवलं तरी नीट जाग येईना, तर तडक परत. मुलाला तापात झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. झटका पाच मिनिटांवर गेला तर १०८.

येताना आधीचे सगळे कागद आणा. एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराच्या मागच्या खिळ्याला टांगलेले असले तर उत्तम, कारण रात्री घाईत तुम्ही नसलात तरी शेजाऱ्यालाही ती पिशवी सापडेल.